बाकावरून घड्याळ दिसतं का?

३ मार्च

भाचीबाई,

अनेक आशीर्वाद. हे पत्र बसून वाचत असशील तर उठून उभी राहा, कारण ते वारसा जतन समितीच्या चिटणीसबाईंकडून आलेलं आहे!

हो, मीच ती. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्मभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली, आता माझं बोलणं चार लोकांनी ऐकायची पाळी आली आहे. (आणि पुन्हा सांगते, फोन घे म्हणून मागे लागू नकोस. हे कान रिटायर झालेत. पत्र लिही.)

समिती काय करते म्हणशील, तर जुन्या बाजारपेठेत कुणाला एक वीट जरी हलवायची असली तरी नगरपालिकेचा नगररचना विभाग आधी आम्हाला विचारतो. आम्ही जाऊन पाहतो आणि शिफारस करतो. परवानगी देणं न देणं त्यांच्या हातात, पण आमच्या शब्दाबाहेर ते सहसा जात नाहीत. म्हणजे संसार सुनेचा, पण भाजी कुठली करायची ते सासू सांगणार, तसं.

आणि पाहायची पद्धत तर अशी झकास! नकाशावरून कुणाला काय कळतं? म्हणून नवं बांधकाम जेवढं उंच होणार तेवढे उंच बांबू चार कोपऱ्यांवर उभे करायचे, टोकांना चिंध्या बांधायच्या आणि मधून दोऱ्या ओढायच्या. म्हणजे होऊ घातलेलं घर आधी हवेत दिसतं. येणाऱ्याजाणाऱ्याने बघावं, हरकत असेल तर तोंडावर सांगावी.

आम्ही पाच जण आहोत. अध्यक्ष बँडमास्तर, बँड सुटला तरी बोलताना हात अजून हवेतच असतात. औषधवाले, छापखानेवाले, शाळेतल्या भूगोलाच्या बाई आणि मी. पहिल्याच सभेत मी ठराव मांडला की चौकातल्या बाकावर बसलं की मनोऱ्यावरचं घड्याळ दिसलंच पाहिजे, त्याच्या आड येईल असं काही बांधू द्यायचं नाही. काय टाळ्या पडल्या! बँकेचा काचेचा मजला त्या ठरावाने तिथल्या तिथे आडवा झाला. सलूनवाल्याला त्याची गुलाबी पाटी तपकिरी करायला लावली, तेव्हापासून तो रस्त्यात माझ्याकडे बघून हसत नाही. निदान मला तरी तसं दिसत नाही.

तक्रार एकच. छापखानेवाले सभेची पत्रकं इतक्या बारीक टाइपात छापतात की वाचवत नाहीत. कागद वाचवतात मेले.

तू कधी येतेस? दादा गेल्यापासून त्याच्या दुकानाला कुलूप आहे. समोरच राहते, रोज बघावं लागतं, आणि रोज वाईट वाटतं.

तुझी आत्या
(चिटणीस)


१२ मार्च

तीर्थरूप आणि आता समितीरूप आत्या,

उभी राहून वाचलं. मग नाचले. मग खालच्या मजल्यावरच्यांनी छताला काठी ठोकली.

आता तू बस, कारण माझी बातमी मोठी आहे. मी नोकरी सोडतेय! या चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासून तपासून माझे पांढरे व्हायची वेळ आलीय. मालकांचा मंत्र एकच, गिऱ्हाईक एक चष्मा घ्यायला आलं तर दोन गळ्यात घाला. आणि माझ्या खोलीच्या खिडकीतून काय दिसतं? समोरच्या इमारतीची भिंत. तिचाही रंग उडालेला.

तर बेत असा आहे. बाबांच्या सायकलच्या दुकानात माझं चष्म्याचं दुकान, आणि वर एक मजला चढवून माझं घर. एक खोली, स्वयंपाकघर आणि बरोबर तुझ्या खिडकीसमोर खिडकी. माझी एक मैत्रीण आर्किटेक्ट आहे, तिने नकाशा काढला आणि नगररचना विभागात दिलासुद्धा. तुला चकित करायचं होतं म्हणून बोलले नाही. तिकडून काही कळायच्या आत तूच समितीत जाऊन बसलीस! याला म्हणतात नशीब. आता वशिला लाव.

दारावर बाबांनी टांगलेली ती दोन गंजकी चाकं काढून टाकेन. तिथे दिव्यांची मोठी पाटी लावायची, निळी आणि हिरवी, उघडझाप होणारी.

मी घरी येतेय, आत्या. घरी!

तुझी
ठमी


२० मार्च

ठमे,

तुझं पत्र वाचता वाचता दूध उतू गेलं, शेगडी विझली, आणि मला त्याचा पत्ताच नाही. मी आपली खिडकीत उभी राहून समोरच्या हवेत तुझी खिडकी बघत होते. किती आनंद झालाय ते लिहिता येत नाही, आणि शाईही हल्ली फारच फिकी येते.

पण वशिल्याचं नाव काढू नकोस. चिटणीस आहे मी! इथे अर्धं गाव एकमेकांचं सोयरं, नात्यातल्याने उठून जायचं म्हटलं तर सभेला खुर्च्याच उरतील. म्हणून आमचा नियमच आहे की नात्यातल्याने बाजू घेऊ नये, पण पाहायला सगळ्यांबरोबर बसावं आणि दिसेल ते खरं सांगावं. उलट त्यालाच पहिला विचारतात, म्हणजे मागाहून कुणाला कुजबुजायला नको.

आता थोडं हळू वाच. तुझा मजला बाकाच्या आणि मनोऱ्याच्या बरोबर मधे येतो. म्हणजे ठराव माझा आणि डोक्यात पडणार तुझ्या. पण घाबरू नकोस, घड्याळ चांगलं उंच आहे.

काल बांबू चढवले. चिंध्या माझ्याच जुन्या नारिंगी पडद्याच्या. गल्लीला तर जत्रेचं रूप आलंय! भूगोलाच्या बाई म्हणाल्या, हवेतलं घर छान दिसतंय, खऱ्यालाही असंच वारं येऊ द्या. मुलं त्याच्याखाली घर-घर खेळतात. एक मात्र सांगते, पोस्टमन शिष्ट झालाय. आज सकाळी तुझ्या दुकानाच्या कोपऱ्यावर उभा होता, मी तुझं पत्र आलं का म्हणून चांगल्या चार हाका मारल्या, पण ढिम्म! मान वळवायला तयार नाही.

चाकांचं वाचलं. दादाने स्वतः जोडली होती ती, मधे सळई घालून. पण दुकान तुझं, मी काय बोलणार.

आत्या


२९ मार्च

आत्या,

समिती बाकावर बसली का? लवकर कळव. खोलीवालीने माझ्या जागी दुसरी भाडेकरीण ठरवलीय, ती येऊन पडद्यांची मापंसुद्धा घेऊन गेली, मी घरात असताना! मालकांनीही माझ्या जागी नवा माणूस घेतलाय. मे संपला की मला ना नोकरी, ना खोली. म्हणजे तो मजला झाला नाही तर पुन्हा कुठेतरी दुसऱ्याच्या काउंटरमागे उभी राहून जन्म काढायचा, आणि घरी यायचं ते पाहुणी म्हणून.

बँडमास्तरांची मात्र धास्ती वाटते. बाबांनी त्यांची काळी सायकल चुकून पिवळी रंगवली होती ना? तो राग ते माझ्यावर काढणार नाहीत ना?

ठमी


१० एप्रिल

लाडके ठमे,

इकडे ऊन फार आहे. तुझी तब्येत कशी आहे? जेवतेस ना वेळेवर? नगरपालिकेने चौकातले दिवे बदलले, पण ते पूर्वीपेक्षा मंदच आहेत. औषधवाल्यांच्या दुकानात मांजरीला पिल्लं झाली. मला तीन वाटली, पण म्हणतात पाच आहेत.

बरं, समिती बाकावर बसली होती. एकेक जण बसला. समितीचं एकमताने असं मत पडलं की बांबूंच्या आडून घड्याळ दिसत नाही. शिफारस गेली. नको अशी.

मी काय सांगू तुला? सभा म्हटली की एकाचं चालत नाही. बँडमास्तरांचं तुला माहीतच आहे, पिवळ्या सायकलचं वगैरे. मन लावून घेऊ नकोस. दुकान तरी होईलच. राहायला माझं घर आहे की.

या कागदात हल्ली काही मावतच नाही. पानं संपली.

आत्या


१८ एप्रिल

चिटणीसबाई,

नगररचना विभागाने मला तुमच्या शिफारशीची प्रत पाठवली आहे. त्यातलं एक वाक्य उतरवून काढते. "अर्जदाराच्या सख्ख्या आत्यांनी नात्याचा कोणताही विचार न करता घड्याळ दिसत नसल्याचे सर्वप्रथम सांगितले, सबब त्यांच्या निःपक्षपातीपणाबद्दल अभिनंदनाचा ठराव टाळ्यांच्या गजरात संमत करण्यात आला."

सख्खी आत्या! सर्वप्रथम! आणि वर टाळ्या! बिचाऱ्या बँडमास्तरांना मी आठवडाभर मनातल्या मनात शिव्या घातल्या, आणि तू घालू दिल्यास. दुसऱ्याचं घर उन्हात बांधायचं सोडून तू सख्ख्या भाचीचं हवेतलंही पाडलंस!

इतका राग आला की तुझी सगळी पत्रं फाडायला काढली. टेबलावर एकाखाली एक पडली, आणि माझा हात थांबला. आत्या, मार्चमधलं लांबलचक पत्र तू दोन पानांत बसवलं होतंस. एप्रिलमधलं एवढंसं पत्र सात पानांचं आहे. "लाडके ठमे" एवढ्यालाच अख्खी ओळ गेलीय. छापखानेवाले कंजूष, शाई फिकी, दिवे मंद, पाच पिल्लांची तीन झालेली. आणि तो पोस्टमन! कोपऱ्यावर उभा, उंच, ढिम्म. त्याच्या डोक्याला नारिंगी चिंधी होती का गं?

मी दिवसभर अशाच लोकांशी बोलते. दुकानात शिरल्यावर सगळ्यांचं पहिलं वाक्य एकच असतं, "माझे डोळे ठणठणीत आहेत, जगच जरा पुसट झालंय."

मैत्रिणीने बाकापासून मनोऱ्यापर्यंत रेघ ओढून दाखवली. घड्याळ माझ्या गच्चीच्या बरंच वर राहतं, त्याखाली एक माणूस उभा राहून हात वर करू शकेल. तो नकाशा मी नगररचना अधिकाऱ्यांना पाठवला. त्या स्वतः येणार आहेत आणि समितीला पुन्हा बाकावर बसवणार आहेत.

तेव्हा खरं सांग. तुला त्या दिवशी मनोरा तरी दिसला होता का?

तुझी (अजून)
ठमी


२ मे

ठमे,

नाही दिसला.

लिहून टाकलं, सुटले. त्या दिवशी बाकावर बसले, समोर बघितलं, आणि नुसतं दुधाळ आभाळ. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. डोळे गेले म्हणायची लाज वाटली, खोटं "दिसतं" म्हणावं तर वशिला झाला असता. म्हणून म्हटलं, दिसत नाही. ते खरंच होतं गं! तर बँडमास्तरांनी हात उंचावले, "ऐका! सख्खी आत्या म्हणतेय!" आणि टाळ्यांचा कडकडाट. मग उचलली जीभ लावली टाळ्याला, एकेक जण बसला आणि नाही म्हणून उठला. आणि माझ्या गळ्यात हार पडत होता.

आता परवाचं ऐक. हसायला जागा करून बस.

नगररचनाबाई आल्या. तरुण, डोळ्यांत तेल घालून बघणाऱ्या, काखेत फाईल. चौकात ही गर्दी! आम्ही पाच जण ओळीने. बँडमास्तर या वेळी स्वतः आधी बसले, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "डावीकडचा बांबू नेमका घड्याळाच्या तोंडावर येतो." औषधवाले म्हणाले, "उजवीकडचाही." छापखानेवाले म्हणाले, "दोरीसुद्धा." भूगोलाच्या बाई म्हणाल्या, "उत्तरेकडून तर फारच."

मग माझी पाळी. रात्रभर ठरवलं होतं मी. तुझं पत्र पदराला बांधल्यासारखं मनात घट्ट होतं. बसले, उठले आणि म्हटलं, "मला दिसत नाही."

"वा!" बँडमास्तर ओरडले. "पुन्हा तोच निःपक्षपातीपणा!"

"अहो कसला निःपक्षपातीपणा!" मी ओरडले. "घड्याळच काय, मला मनोरा दिसत नाही! तुम्हीसुद्धा मला मिशांवरून कळता! माझे डोळे अधू झालेत, आणि हे सांगायची लाज वाटली म्हणून मी पोरीचं घर मोडलं!"

तेवढ्यात सलूनवाला दारात येऊन, हातात वस्तरा तसाच धरून म्हणाला, "बाई, तुमचं जाऊ द्या. पण बाकीचे कुठले बांबू बघताहेत? बांबू तर सकाळीच उतरवून बँकेकडे नेले!"

ठमे, बांबू नव्हतेच! शिफारस गेली म्हणून बांबूवाल्याने सकाळी सोडवून नेले होते, आणि आमच्या पाचांपैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं!

नगररचनाबाई इतका वेळ खाली मान घालून आमचीच उत्तरं लिहून घेत होत्या, त्यांनी वर बघितलं आणि हातून फाईल पडली. मग जे हसू फुटलं म्हणतेस! भूगोलाच्या बाई कंबर धरून कठड्यावर बसल्या आणि कबूल झाल्या की त्यांनी दोन्ही वेळा औषधवाल्यांचं ऐकून ठोकून दिलं. औषधवाल्यांनी बँडमास्तरांचं ऐकलं होतं. बँडमास्तर आपले विचारत होते, "मग डावीकडे मी काय बघत होतो?" तो दिव्याचा खांब होता. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय ते हेच.

पण माणूस मोठा हं. हसू ओसरल्यावर त्यांनी टोपी काढली आणि बाईंना म्हणाले, "लिहून घ्या. समितीने न पाहता मत दिलं, ते मागे घेत आहे. पण न पाहता हो म्हणणं हीसुद्धा तीच चूक होईल. आधी आम्ही बघायला शिकतो, मग सांगतो."

आहेस ना माझ्यावर रागावलेली अजून? असलीस तरी लिही. तुझं अक्षर मला हल्ली वास घेऊन ओळखावं लागतं, तरी लिही.

आत्या


७ मे

लबाड, भित्र्या, शूर आत्या,

हे पत्र मी मुद्दाम जाड पेनाने आणि भल्या मोठ्या अक्षरात लिहितेय.

तुझं पत्र दुकानात वाचलं. हसता हसता माझ्या हातून गिऱ्हाईकाची फ्रेम वाकली, आणि मग "पोरीचं घर मोडलं" तिथे आल्यावर जे रडू आलं ते मालकांनाही आवरेना. ते म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, "डावीकडे दिव्याचा खांब होता!" त्यांनी मला अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली.

राग गेला. भर चौकात, टाळ्या वाजवलेल्या लोकांसमोर असं बोलायला छाती लागते. माझी झाली नसती.

आता येऊ का दोन दिवस? पाचही जणांचे डोळे तपासते, चष्मे करून देते. फुकट.

ठमी


२० मे

चि. ठमीस,

हे अक्षर बघ! बारीक आहे की नाही? अगं, कागदावर रेघा असतात हे मी विसरूनच गेले होते!

तुझे चष्मे घ्यायला समितीने साफ नकार दिला. अर्जदाराकडून फुकटचा चष्मा म्हणजे लाच, आणि विकतचा म्हणजे संशय. बँडमास्तर म्हणाले, परक्याकडे जाऊ. पण गावात चष्म्याचं दुकान आहेच कुठे? (हा मुद्दा तुझ्या बाजूने इतिवृत्तात नोंदवला आहे.) शेवटी आम्ही पाच म्हातारे बसने तालुक्याला गेलो. जाताना सगळे गप्प, आणि येताना बसमध्ये नुसता कल्ला! "ते बघा झाडाला पानं आहेत, वेगवेगळी!" भूगोलाच्या बाईंनी वाटेतली प्रत्येक पाटी मोठ्याने वाचली, अगदी "येथे थुंकू नये"सुद्धा. औषधवाल्यांनी खिशातल्या गोळ्यांचं नाव वाचलं आणि त्यांचा चेहरा जरा उतरला, मग ती पुडी त्यांनी हळूच परत खिशात घातली. मी आरशात बघितलं. तेवढं एक नसतं बघितलं तरी चाललं असतं.

बांबू पुन्हा चढवले. नगररचनाबाई आल्या, गर्दी दुप्पट. माझा पहिला नंबर. बसले, वर बघितलं.

दिसलं, ठमे! हातच्या कांकणाला आरसा कशाला! चार बांबू, माझ्या नारिंगी चिंध्या, आणि त्यांच्या चांगलं वर, गोरंगोमटं, गोल गरगरीत घड्याळ! मी "दिसतंय!" म्हणून अशी ओरडले की कबुतरं उडाली. एकामागून एक पाचही जणांना दिसलं. अधिकारी बाईंनी लिहून घेतलं, समितीची हरकत नाही. सलूनवाल्याने शिट्टी मारली. तो हसतो गं माझ्याकडे बघून! केव्हापासून हसतोय कुणास ठाऊक.

मग भूगोलाच्या बाई हळूच म्हणाल्या, "वाजले किती?"

आम्ही बघितलं. पुन्हा बघितलं. चष्मे पुसून बघितलं. ठमे, घड्याळाला मिनिटकाटाच नाही! तासकाटा आहे, बिचारा एकटाच फिरतोय. सलूनवाल्याला विचारलं तर म्हणाला, "तो पडून जमाना झाला की. आम्हाला वाटलं, तुम्ही लोकांनी जतन म्हणून तसंच ठेवलंय!"

ज्या घड्याळासाठी बँकेचा मजला अडवला, त्याला काटा नाही! बँडमास्तरांनी तिथल्या तिथे सभा घेतली. यापुढे समितीने आधी जे जपायचं ते नीट बघून घ्यावं, मग त्याच्या आड काय येतं ते बघावं, हा ठराव मी मांडला. टाळ्या पडल्या, पण या वेळी मी त्या वाजवणाऱ्यांचे चेहरेही बघितले. काट्याचं काम निघालं आहे.

तुझ्या परवानगीला एकच अट घातली आहे, आणि ती मी सुचवलेली नाही, तुझी शपथ. बँडमास्तरांनी सुचवली. म्हणाले, "त्या माणसाने माझी काळी सायकल पिवळी केली. पण ती आजही चालते. त्याची चाकं दारावरून हलता कामा नयेत." तेव्हा चाकं राहणार आणि त्यांच्यावर दुसरी पाटी येणार नाही. तुझी निळीहिरवी उघडझाप बुडाली. रागावू नकोस. मला मनातून फार बरं वाटलं, आता सगळं खरं लिहायचं ठरवलंय म्हणून हेही लिहिते.

मजला होईपर्यंत माझ्याकडेच राहायचं. गादीला ऊन दाखवलंय.

आत्या


२५ मे

आत्या,

अट वाचून आधी मी वैतागले. चष्म्याच्या दुकानावर सायकलची चाकं! लोक पंक्चर काढायला येतील. मग रागारागाने कागद घेतला आणि बाबांच्या दाराचं चित्र काढून बघितलं. दोन गोल चाकं, शेजारी शेजारी, मधे जोडणारी सळई.

तूही काढून बघ. आता तर तुला दिसेल.

अगं, तो चष्माच आहे! अख्ख्या गल्लीला दिसेल एवढा मोठा चष्मा, बाबांनी माझ्यासाठी आधीच टांगून ठेवलेला! आणि मी तो काढून दिव्यांची पाटी लावणार होते. म्हणजे समितीतल्या पाच जणांबरोबर सहावी आंधळी मीच.

बँडमास्तरांना सांग, अट मंजूर. चाकांना फक्त तेल लावेन.

निघाले. सामान चार खोकी आहे, आणि एक हवेतलं घर.

ठमी


१४ नोव्हेंबर, समोरच्या घरातून

ठमे,

हे पत्र दुधवाल्याच्या हाती रस्ता ओलांडून पाठवतेय. आपलं शेवटचं समज, कारण यापुढे पोस्टाचा खर्च नको. खिडकी उघड आणि हाक मार. फोन मात्र करू नकोस.

काल संध्याकाळी तू वर राहायला गेलीस. सहा महिने माझ्या घरात तुझे टॉवेल, तुझी खोकी आणि तुझं गाणं होतं, कधी एकदा जाते असं मी म्हणत होते, आणि तू गेल्यावर मला जेवण गेलं नाही. मग खिडकीत आले. समोर तुझा दिवा, दिव्याखाली तू, वाकून काचा पुसणारी. चष्मा काढून बघितलं, लावून बघितलं. दोन्ही वेळा दिसलीस. मग जेवले.

आज सकाळी लवकर उठून चौकातल्या बाकावर जाऊन बसले. घड्याळाला काल नवा मिनिटकाटा बसला, ते बघायला. तुझ्या गच्चीच्या वर अगदी लख्ख दिसतो. नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती.

तुझ्या दुकानाच्या दारावर लिहिलंय, "वेळ सकाळी ९ पासून." आणि दार बंद! बँडमास्तर पायरीवर बसलेत, त्यांच्या चष्म्याची दांडी हलतेय. समितीच्या चिटणीसबाईंची या प्रकाराला सक्त हरकत आहे.

ऊठ.

आत्या